बाकीचे लोक कुठे होते?

मंडळी, नमस्कार, पाडव्याच्या शुभेच्छा. मला दहा मिनिटं दिलीत, पण आत श्रीखंडाची पातेली उघडल्याचा आवाज आलाय, तेव्हा सातच घेतो.

गेला आठवडा आमच्या घरी जरा तापलेला होता. चिरंजीव तेरा वर्षांचे. इथे मेलबर्नच्या आपल्या मराठी शाळेत ‘माझा आवडता कलाकार’ यावर बोलायचं होतं. मी नगरचा, त्यामुळे सदाशिव अमरापूरकरांशिवाय दुसरं नाव सुचेना. आधी ‘सडक’ सिनेमातली कुंटणखाना चालवणारी महाराणी दाखवली. घरातून लगेच आवाज आला, “अहो, काय दाखवताय त्याला!” मग दूरदर्शनच्या ‘भारत एक खोज’ मालिकेतले त्यांचे जोतीराव फुले लावले. रविवार, डोक्याला तेल, सगळी आळी एकाच टीव्हीपुढे... जाऊ दे. पोराला पटेचना. “बाबा, हा सेम माणूस आहे?”

सेमच. नगरच्या हौशी रंगभूमीवरून आलेला. ‘हँड्स अप’ नाटकातलं काम पाहून ‘अर्धसत्य’ सिनेमा मिळाला, 1983 साली. त्यातले प्रसंग मोजकेच, पण त्यांचा गुंड रामा शेट्टी अजून डोळ्यांपुढून हलत नाही. पुढे हिंदीत बहुतेक खलनायकी. आणि तेच गृहस्थ डॉ. लागू, निळू फुले यांच्याबरोबर ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करत गावोगाव हिंडले. कशासाठी, तर सामाजिक कृतज्ञता निधीसाठी. घरदार सोडून चळवळीत पडलेल्या कार्यकर्त्यांना दरमहा थोडं मानधन मिळावं म्हणून. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामातही ते होते. आपण नटाला बोलावतो ते दीपप्रज्वलनाला आणि फोटोला. तो आणखी काय करतो, हे विचारायला रांगेत वेळ कुणाला असतो?

पण पोराने स्वतःच शोधून काढली ती 2013 ची बातमी. होळीचे दिवस. जालना, बीड टँकरवर जगत होते आणि मुंबईत अमरापूरकरांच्या घराजवळ रेन डान्स चालू होता. साठी ओलांडलेला हा माणूस सांगायला गेला, पाणी वाया घालवू नका. त्याला मारहाण झाली. पोराने वाचलं आणि विचारलं, “बाबा, बाकीचे लोक कुठे होते?”

मी म्हटलं, असतील तिथेच. “मग काय करत होते?” नाचत असतील, मी म्हटलं. आणि जीभ चावली.

कारण मंडळी, दोनच आठवड्यांपूर्वी आपण रंगपंचमीला काय केलं? पाण्याचा टँकर, डीजे, आणि मधोमध हातात पिवळी पिचकारी घेतलेले तुमचे खजिनदार. त्या टँकरच्या चेकवर सही माझी. फोटो मंडळाच्या साइटवर आहे. पोट आत घेतलेलं आहे, तरी ओळखू येतो.

आणि हे मेलबर्नमध्ये! जुन्या मंडळींनो, आठवतंय ना? 2008 च्या अखेरीस, दुष्काळात, माणशी दिवसाला 155 लिटरचं उद्दिष्ट दिलं होतं. शॉवरमध्ये चार मिनिटांचं वाळूचं घड्याळ, पायाशी बादली आणि त्या बादलीचं पाणी कढीपत्त्याला. आमचा कढीपत्ता साबणाच्या पाण्यावर वाढला, आमटीला त्याचा वास यायचा असं घरचे अजून म्हणतात. नगरला नळाची वेळ मुहूर्तासारखी पाळणारे आपण, तेव्हा इथल्यांना बादलीचं तंत्र शिकवत होतो. मग पाऊस झाला, धरणं भरली, बादल्या गराजमध्ये गेल्या.

परवा कमिटीत मी हळूच विषय काढला. उत्तर आलं, “अहो, पोरांना मजा येते.” खरंय, येते. माझाही तिथेच होता, चिंब भिजलेला. मी तेही त्याला सुनावलं. तो म्हणाला, “हो, म्हणूनच विचारतोय.”

त्याचं भाषण झालं. दुसरा नंबर आला. शेवटी त्याने तोच प्रश्न वर्गाला विचारला म्हणे. बाईंनी टाळ्या वाजवल्या, पोरांनीही वाजवल्या. उत्तर कुणी दिलं नाही.

पुढच्या वर्षीच्या मैदानाचा फॉर्म या महिन्यात भरायचाय. टँकर हवा की नको, असा त्यात एक रकाना आहे. फॉर्म माझ्या गाडीत आहे, रकाना कोरा आहे. रोज शाळेत सोडताना तो मागच्या सीटवरून बघतो.

चला, श्रीखंड गार आहे तोवर.