वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेवरचे अवघड शब्द

[दृश्य: अभ्यासिका. भिंतीवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या.]

लातूर असो की छत्रपती संभाजीनगर, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत अवघड इंग्रजी शब्दांच्या याद्या हटकून सापडतात. घोकायचं, पेपर लिहायचा, विसरायचं. यातले काही शब्द घोकायची गरजच नाही. त्यांचे अर्थ मराठवाड्यात रस्त्याकडेला उघडे पडलेत.

[दृश्य: दौलताबाद ते वेरूळ, घाट.]

हे डोंगर बघा. कडा, मग सपाटी, वर पुन्हा कडा. पुस्तकातलं नाव 'डेक्कन ट्रॅप'. इथे सापळ्याचा काही संबंध नाही. मूळ शब्द स्वीडिश, 'ट्राप्पा', म्हणजे जिना. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले. मऊ थर झिजले, टणक तेवढे कड्यासारखे राहिले.

[दृश्य: अजिंठा, गारगोट्यांचं दुकान. विक्रेत्याच्या तळहातावर खडा.]

विक्रेता याला गारगोटी म्हणेल, नाहीतर स्फटिक. हा फिकट गुलाबी खडा जरा जवळून बघा: दोन्ही टोकांना पसरलेला, मध्ये आवळलेला, थेट कडब्याच्या पेंढीसारखा. हा स्टिल्बाइट. याचं कूळ 'झिओलाइट'.

लाव्हा थिजताना आतल्या वायूचे बुडबुडे तसेच पोकळ राहिले. पुढे त्या पोकळ्यांतून खनिजं विरघळलेलं पाणी झिरपलं आणि हे स्फटिक वाढले. विहीर खोदताना पाषाणात पांढरे ठिपके दिसतात ना, ते बहुधा हेच भाऊबंद. १७५६ साली क्रॉन्स्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने असा एक दगड ज्योतीवर धरला, तर तो उकळल्यासारखा फसफसला. आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडत होतं. त्याने ग्रीक शब्द जोडून नाव ठेवलं: उकळणारा दगड. आज कारखान्यात बनवलेले झिओलाइट कपड्यांच्या पावडरीत असतात, तेलशुद्धीकरणातही लागतात. यादीत मात्र याचा अर्थ 'एक खनिज' एवढाच! असल्या अर्थाचं करायचं काय?

[दृश्य: उन्हाळ्यातलं काळं रान. भेगा.]

'रेगूर' म्हणजे आपली काळी, भारी जमीन. शब्द तेलुगूतून इंग्रजीत गेला. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. पुढे चला.

[दृश्य: अजिंठा लेणं, मंद उजेड.]

'फ्रेस्को'वर थांबावं लागेल. इटालियन शब्द, अर्थ 'ताजा'. चुन्याचा गिलावा ओला असतानाच रंग भरायचा. सुकताना गिलावाच रंग धरून ठेवतो. अजिंठ्यात तसं नाही. इथे माती, भाताचा तूस, वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, वर पांढरा पातळ हात, आणि तो वाळल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग. या पद्धतीला 'टेम्परा' म्हणतात. तरी अजिंठ्याच्या नावापुढे फ्रेस्को सर्रास छापलं जातं.

फरक नुसता नावाचा नाही. हे रंग वरच्या वर बसलेले आहेत. श्वासातला ओलावासुद्धा त्यांना सोसत नाही. म्हणून चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, आणि फ्लॅश बंद.