भूल, सुई आणि सिरिंज

नमस्कार मंडळी. ऑपरेशन म्हटलं की सगळ्यांचं लक्ष सर्जनकडे, पण शिरेत सुई घालणारे, घशात नळी टाकणारे, सलाईनमधून सतत औषधं सोडणारे आम्ही भूलवाले, त्यामुळे जंतू आत जायचे कितीतरी रस्ते आमच्याच हातांखाली असतात.

एक घडलेली गोष्ट सांगतो, आमच्याकडे आलेल्या प्रत्येक ज्युनियरला ती ऐकावीच लागते. अमेरिकेतलं लास व्हेगास, जानेवारी 2008. हिपॅटायटिस सी, म्हणजे रक्तातून पसरणारा लिव्हरचा आजार, त्याचे दोन पेशंट सापडले, लगेच तिसरा, चौकशी केली तर तिघांनीही एकाच क्लिनिकमध्ये दुर्बिणीची तपासणी करून घेतलेली. तिथे झोपेसाठी प्रोपोफॉल द्यायचे, ते दुधासारखं पांढरं औषध. तपास करणारे तिथे जाऊन नुसते बघत उभे राहिले आणि काय दिसलं, तर डोस कमी पडला की सुई नवी लावायचे पण सिरिंज तीच, आणि तीच परत बाटलीत! आता सिरिंजमध्ये रक्ताचा अंश मागे येतो, डोळ्याला दिसतही नाही, तो गेला बाटलीत, आणि एका पेशंटसाठीची बाटली, पण उरलंय तर टाकायचं कशाला म्हणून तेच पुढच्याला. लोणच्याच्या बरणीत उष्टा चमचाच की हो! सुमारे 40,000 लोकांना पत्रं गेली, येऊन रक्त तपासून घ्या म्हणून. चाळीस हजार! फार राग येतो मला अजून, सिरिंजची किंमत ती काय असते.

म्हणून परत सांगतो, नुसती सुई बदलून चालत नाही, सिरिंजही नवी. एक पेशंट, एक सिरिंज.

प्रोपोफॉलमध्ये सोयाबीनचं तेल असतं, त्यात जंतू पटापट वाढतात, म्हणून फोडलं की लवकर वापरायचं, उरलेलं फेकायचं. औषध सोडायच्या आधी सलाईनचं तोंड स्पिरिटने घासायचं, पाठीत इंजेक्शन देताना मास्क हवाच, आणि ग्लोव्हज घातले तरी हात धुणं सुटत नाही, काढल्यावरही धुवायचे.

आणि हो, जरा थकवा आला की "डॉक्टर, एक सलाईन लावा" हे बंद करा बरं, तोंडाने पाणी पिता येतंय ना, मग उगाच शिरेत भोक कशाला?

ऑपरेशनला येताना स्वच्छ आंघोळ करून या, पण घरी ब्लेडने केस काढू नका, बारीक कापतं आणि तिथेच जंतू धरतात. काढायची गरज असेल तर आम्ही हॉस्पिटलात मशीनने काढतो.