नाव आपलं, जागा कोणाचीही
(नागपुरातल्या हौशी आणि व्यावसायिक छायाचित्रकारांपुढे केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, वेबसाइट म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘कोडिंग यावं लागते का?’ नाही. ज्याला व्हॉट्सॲपवर अल्बम पाठवता येतो, त्याला हे जमतं. विचार करायचा तो पैसा कशावर घालायचा याचा. माझं म्हणणं, आधी नावावर घाला.

नाव म्हणजे डोमेन, वेबसाइटचा पत्ता. ‘डॉट इन’ किंवा ‘डॉट कॉम’ वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आतबाहेर पडतं. पहिल्या वर्षाची स्वस्त ऑफर पाहून हुरळू नका, बारीक अक्षरातला रिन्यूअलचा दर वाचा. आणि घ्याल ते स्वतःच्या ईमेलवरून, स्वतःच्या खात्यात. ओळखीचा पोरगा ‘मी करून देतो ना भाऊ’ म्हणतो आणि स्वतःच्याच खात्यात घेऊन टाकतो. मग सातबारा त्याच्या नावावर अन् घर आपण बांधायचं!

जागा, म्हणजे वेबसाइट ठेवायचं होस्टिंग, फुकट मिळते. गूगल साइट्स किंवा ब्लॉगरवर त्याचे पैसे लागत नाहीत, वर स्वतःचं डोमेनही जोडता येतं. लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरसाठी अडोबीचा फोटोग्राफी प्लॅन आधीच भरत असाल, तर फोटोंची साइट बनवून देणारं अडोबी पोर्टफोलिओ त्यातच येतं. कित्येक जण पैसे भरतात आणि ते उघडूनही बघत नाहीत. फुकटाचे नियम मात्र बदलतात. फ्लिकर या फोटोंच्या साइटने २०१९ मध्ये मोफत खात्याला हजार फोटोंची मर्यादा घातली, गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. डोमेन आपलं असलं की बिऱ्हाड हलवता येतं, पत्ता तोच राहतो.

आता आपल्या नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीचा एक फोटो घेऊ. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० बाय ४०००. तो तसाच चढवला तर बघणारा फोन खिशात टाकून निघून जातो. एक्स्पोर्ट करताना लांब बाजू २०४८ पिक्सेल, क्वालिटी ७५ ते ८०, रंगांची पद्धत एसआरजीबी, ती सगळ्या स्क्रीनना कळते. अडोबी आरजीबी या दुसऱ्या पद्धतीत ठेवलात तर काही स्क्रीनवर पिवळी मारबत आजारी दिसते. आणि एका मिरवणुकीचे चाळीस फोटो नकोत, तीन बस्स. खाली ओळ युनिकोडमध्ये लिहा: ‘पिवळी मारबत, इतवारी, नागपूर’. कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं गूगलला वाचता येत नाही.

जंगलवाल्यांनो, फोटोच्या फाइलमध्ये नोंदलेलं लोकेशन काढून टाका. लाइटरूमच्या एक्स्पोर्टमध्ये त्यासाठी खूणच आहे. घुबडाच्या घरट्याचा जीपीएस जगाला वाटायची काही गरज नाही.

फोटो चोरीचं विचाराल, तर राइट-क्लिक बंद करून काही होत नाही, लोक स्क्रीनशॉट काढतात. छोटी फाइल हेच त्यातल्या त्यात संरक्षण.

लग्नवाल्यांनी मात्र जरा कान द्या. पैसे घेऊन, कुणाच्या सांगण्यावरून फोटो काढला आणि वेगळा करार नसेल, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार पहिला मालक फोटो काढून घेणारं गिऱ्हाईक ठरतं, तुम्ही नव्हे. म्हणजे तुमचाच फोटो तुमच्याच साइटवर टाकताना पंचाईत. बुकिंगच्या कागदावर कॉपीराइट कुणाचा आणि फोटो वेबसाइटवर दाखवायला परवानगी आहे का, या दोन्ही गोष्टी छापून घ्या. नवरीचे बाबा गडबडीत न वाचताच सही करतात, तेव्हा ते त्यांना तुम्हीच वाचून दाखवा.