बंदुकीचा परवाना आणि ब्याऐंशीची केस

[दृश्य: काळाचौकी, सकाळची वेळ. गिरणीच्या जागी उभा राहिलेला टॉवर, शेजारी जुनी चाळ.]

१८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर मुंबईच्या कापड गिरण्यांतले अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. पुढे गिरणगावात मोर्चे निघाले, गेटवर घोषणा झाल्या, धरपकडही झाली. ज्यांना व्हॅनमध्ये घातलं, त्यांत विशीतली पोरंही होती.

त्यांतलाच एक पोरगा आता साठी ओलांडलेला गृहस्थ आहे. नाव सांगू नका म्हणाले, म्हणून सांगत नाही. मूळ गाव कणकवलीकडचं. मुंबईत बंदुकीचं नाव काढलं की लोकांना गँगवॉर आठवतं. कोकणातल्या माणसाला माकडं आणि डुकरं आठवतात. यांच्या वडिलांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी काडतुसाची बंदूक होती. वडील वारले आणि घरच्यांनी ती पोलिस ठाण्यात जमा केली. ते बरोबरच केलं. परवानाधारक गेल्यावर घरातलं हत्यार विनाविलंब पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं, असं शस्त्र कायद्याचं कलम २१ सांगतं. भिंतीला टांगून ठेवणं हाच गुन्हा होतो.

आता त्यांना तो परवाना आपल्या नावावर हवा आहे. वर्षातले चार महिने काजूच्या बागेत जातात, पण राहणं मुंबईत, कागदपत्रंही सगळी मुंबईची. त्यामुळे अर्जही मुंबईतच. जिल्ह्यात हे काम जिल्हा दंडाधिकारी बघतात. मुंबईत पोलिस आयुक्त. म्हणजे क्रॉफर्ड मार्केटसमोरचं आयुक्तालय.

[दृश्य: टेबलावर अर्जाचा नमुना. पेनाचं टोक एका रकान्यावर थांबलेलं.]

२०१६ च्या शस्त्र नियमांत वारसासाठी सोय आहे. परवानाधारक वारला असेल, किंवा त्याला सत्तर वर्षं पूर्ण झाली असतील, किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असेल, तर वारसाला परवाना मिळू शकतो. मात्र वारस स्वतः पात्र हवा आणि पोलिसांचा अहवाल प्रतिकूल नको.

वडिलांचं नाव, पत्ता, हत्याराचा प्रकार, हे सगळं त्यांनी भराभर लिहिलं. मग प्रश्न आला: तुम्हाला कधी शिक्षा झाली आहे का? असल्यास गुन्हा कोणता, शिक्षा काय, तारीख कोणती? त्याखाली दुसरा: चांगल्या वर्तणुकीचा किंवा शांतता राखण्याचा बाँड लिहून देण्याचा आदेश कधी झाला होता का?

घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, ‘अहो, ती केस कधीच मिटली. ‘नाही’ लिहा आणि मोकळे व्हा.’

केस मिटते ती अनेक तऱ्हांनी, आणि प्रत्येकीचा कायद्यात वेगळा अर्थ होतो. कोर्टानं निर्दोष सोडलं का? आरोप ठेवण्याआधीच दोषमुक्त केलं का? पोलिसांनी ‘क’ समरी, म्हणजे केस बंद करण्याचा अहवाल, पाठवली आणि मॅजिस्ट्रेटनी ती मंजूर केली का? की सरकारनं खटला मागे घेतला? या शेवटच्या प्रकारात फसायला होतं. आंदोलनातले खटले मागे घेतल्याची घोषणा पेपरात येते आणि लोक निर्धास्त होतात. पण सरकारी वकिलानं त्या खटल्यात अर्ज करावा लागतो आणि कोर्टानं संमती द्यावी लागते. तुमच्या केसमध्ये ते घडलं की नाही, हे पेपरचं कात्रण सांगत नाही.

याहून वाईट शक्यताही असते. चाळ पडली, पत्ता बदलला, समन्स पोचलंच नाही. आरोपी वर्षानुवर्षं हजर झाला नाही म्हणून केस डॉर्मंट फाईलवर टाकलेली, आणि वॉरंट अजून जिवंत. अशा वेळी परवाना राहू द्या बाजूला, आधी वकील गाठून वॉरंट रद्द करून घ्यावं लागतं.

[दृश्य: पत्र्याची पेटी. एकेक कागद बाहेर येतो.]

यांच्या शोधाची सुरुवात पत्र्याच्या पेटीतून झाली. विम्याच्या पावत्या, पी.एफ.च्या स्लिपा, आणि तळाशी चार घड्या घातलेली जामिनाची प्रत. घडीवर कागद फाटलेला, पण सी.आर. नंबर, म्हणजे पोलिसांतला गुन्ह्याचा नोंदणी क्रमांक, वाचता येतो. पोलिस ठाणं, वर्ष, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेची कलमं १४३ आणि १४७. बेकायदा जमाव आणि दंगा.

सी.आर. नंबर हाताशी असला की निम्मं काम झालं. नुसतं नाव सांगून काही सापडत नाही. गिरणगावात एका नावाची दहा माणसं निघतील. संगणकावरही फार भरवसा ठेवू नका. पोलिसांच्या नोंदी देशभर जोडणाऱ्या सीसीटीएनएस प्रकल्पाला मंजुरी मिळाली तीच २००९ साली. ब्याऐंशीची नोंद त्यात दिसली नाही, तर त्यावरून केस नव्हतीच असं ठरत नाही. चारित्र्य पडताळणीचा दाखला कोरा आला, तरी तो अर्जातल्या प्रश्नाचं उत्तर नव्हे.

मग दोन दारं ठोठवायची. पहिलं कोर्टाचं. नक्कल विभागात अर्ज, त्यावर कोर्ट फीचा स्टॅम्प, आणि निकालाच्या प्रमाणित प्रतीची मागणी. इतक्या जुन्या फौजदारी केसचे कागद मुदत संपल्यावर नष्ट केलेले असतात. यांचेही झाले होते. पण तसा लेखी शेरा मारून मागायचा, आणि यांनी तो मागितला. आम्ही शोधलं आणि मिळालं नाही, याचा तो पुरावा. दुसरं दार पोलिस ठाण्याचं. तिथं माहिती अधिकारात गुन्हे रजिस्टरातल्या नोंदीचा उतारा मागायचा. उत्तराला साधारणपणे तीस दिवसांची मुदत असते.

उतारा आला. निकालाच्या रकान्यात एकच शब्द होता: दंड.

गृहस्थ म्हणाले, ‘हां, आठवलं. वकील म्हणाला गुन्हा कबूल करा, दंड भरा, सुटाल. आम्ही सगळे रांगेनं उभे राहिलो, पैसे भरले, घरी आलो.’ चाळीस वर्षं ते स्वतःला सुटलेला माणूस समजत होते. कायद्याच्या हिशेबात ते दोषी ठरले होते आणि दंड ही त्यांची शिक्षा होती. म्हणजे रकान्यात ‘नाही’ लिहिणं खोटं ठरलं असतं.

[दृश्य: शस्त्र कायद्याचं पान, कलम ९.]

आता कलम ९ काय म्हणतं ते बघू. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैद झाली असेल, मग ती कितीही दिवसांची असो, तर शिक्षा संपल्यापासून पाच वर्षं हत्यार बाळगता येत नाही. चॅप्टर केसमध्ये, म्हणजे शांतता राखण्यासाठीच्या प्रतिबंधक कारवाईत, बाँडचा आदेश झाला असेल, तर बाँडची मुदत संपेपर्यंत नाही. एकवीस वर्षांखाली तर नाहीच. यांना कैद नव्हती, नुसता दंड. समजा कोर्ट उठेपर्यंतची कैद असती, तरी पाच वर्षं केव्हाच उलटून गेली होती.

थोडक्यात, खरं लिहून कलम ९ आड येत नव्हतं. खोटं लिहून मात्र परवाना गेला असता. महत्त्वाची माहिती दडवून मिळवलेला परवाना कलम १७ खाली रद्द करता येतो, आणि तो दहा वर्षांनीही जाऊ शकतो. घरच्यांचा सल्ला मायेचा होता, पण माझ्या मते सगळ्यात धोक्याचा तोच होता.

अर्थात कलम ९ ची आडकाठी नाही म्हणून परवाना हातात पडतो असं नाही. स्थानिक पोलिस ठाण्याचा अहवाल मागवतात. हवालदार घरी येतो, शेजारी चौकशी करतो. कलम १४ खाली अर्जदार अयोग्य वाटला, किंवा सार्वजनिक शांततेला धोका वाटला, तर आयुक्त नाही म्हणू शकतात. तिथं ब्याऐंशीचा दंडही विचारात घेतला जाऊ शकतो.

[दृश्य: पोस्टाच्या लिफाफ्यात जाणारे कागद.]

गृहस्थांनी रकान्यात ‘होय’ लिहिलं. पुढे कलमं, वर्ष आणि ‘दंड, निकालपत्र नष्ट झाल्याने नेमकी तारीख उपलब्ध नाही’. सोबत रजिस्टरचा उतारा आणि नक्कल विभागाचा शेरा, दोन्हींच्या झेरॉक्स. मूळ प्रती पुन्हा पत्र्याच्या पेटीत, या वेळी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. नकार आला तर त्याची कारणं लेखी नोंदवावी लागतात, आणि कलम १८ खाली राज्य सरकारकडे अपील करता येतं. तशी वेळ आली तर अपिलाला जोडायला हेच दोन कागद लागतील.