सीट चार सेंटिमीटर वर

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर गिअरची एक सायकल आहे. २०२० साली टाळेबंदी सैल झाली तेव्हा जो तो सायकल शोधत होता आणि दुकानांत सायकली मिळत नव्हत्या. त्या दिवसांत शेजारच्या ताईंनी ती हौसेनं घेतली. चार-पाच महिने चालवली. मग ती गॅलरीत गेली आणि तिच्या हँडलवर पंचे वाळू लागले. मी एकदा विचारलं, "का हो सोडलीत?" तर म्हणाल्या, "गुडघे दुखतात, बसवत नाही, आणि चढ आला की जीव घशाशी येतो. वय झालं आता. सायकल काही माझ्यासाठी नाही."

त्यांच्या या शेवटच्या वाक्याबद्दल मला आज बोलायचं आहे. हे वाक्य मी खूप जणांच्या तोंडून ऐकलंय. अकरा वर्षांपूर्वी मी स्वतःही तेच म्हणत होते. चव्वेचाळिसाव्या वर्षी सायकलवर बसले आणि दोन महिन्यांत सोडायची वेळ आली होती. आज मनापासून सांगते, दर वेळी दोष शरीराचा नसतो. बऱ्याचदा दोन-चार सेंटिमीटरचा आणि एखाद्या दातेरी चक्राचा असतो. आपण मात्र तो दोष स्वतःच्या माथी मारून मोकळे होतो.

ताईंच्या गुडघ्यांपासून सुरुवात करू. दुखतं कुठं, हे मी त्यांना बोट ठेवून दाखवायला सांगितलं. त्यांनी वाटीच्या पुढच्या बाजूला बोट ठेवलं. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर आधी सीट फार खाली नाही ना, ते पाहावं. मागच्या बाजूला ओढ बसत असेल तर सीट फार वर असण्याची शक्यता जास्त. सीट खाली असली की गुडघा पुरता उघडत नाही. वाकलेल्या गुडघ्यानंच जोर लावावा लागतो, आणि तोही मिनिटाला साठ-सत्तर वेळा. तासाभरात चार हजार वेळा होतात! अर्ध्या उठाबशा चार हजार काढल्या तर कुणाचाही गुडघा बोलेल.

सीट खाली ठेवायची सवय आपल्याला लहानपणापासून लागलेली असते. थांबलं की दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, ही आपली सुरक्षिततेची कल्पना. लांब पल्ल्याच्या सायकलवर ती सोडावी लागते. थांबताना सीटवरून पुढे उतरून, दांडी दोन पायांमध्ये घेऊन उभं राहायचं, एक पाय जमिनीवर आणि एक पायडलवर. आठवडाभरात जमतं, पण तो आठवडा धीर धरावा लागतो.

उंची ठरवायची सोपी रीत सांगते. सायकल भिंतीला लावा, सीटवर बसा आणि टाच पायडलवर ठेवा. पायडल सगळ्यात खाली असताना पाय गुडघ्यात सरळ झाला पाहिजे. आता पुढचा चवडा पायडलवर घ्या, गुडघ्यात आपोआप थोडा बाक येईल. तो बाक हवाच. चालवताना कंबर डावी-उजवीकडे झुलत असेल तर सीट वर गेली आहे, अर्धा सेंटिमीटर खाली घ्या. एका वेळी अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त फरक करू नका आणि दोन-तीन दिवस चालवून मगच पुढचा करा. ताईंच्या सायकलीची सीट आम्ही अशीच दोन-तीन आठवड्यांत चार सेंटिमीटर वर नेली.

माझी गोष्ट जरा वेगळी होती. माझी उंची पाच फूट तीन इंच, आणि दुकानात मला न मोजता, न विचारता ५४ नंबरची, म्हणजे माझ्या मानानं मोठी, फ्रेम दिली गेली. रंग सुंदर होता, मीही काही विचारलं नाही. हँडल गाठायला मला दर वेळी पुढे ताणून झुकावं लागायचं. अर्ध्या तासात करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटात मुंग्या यायच्या, घरी आल्यावर चहाचा कप नीट धरता यायचा नाही. मला वाटलं, मणक्याचं काही दुखणं असेल. खरं कारण असं, की तळहाताच्या बाहेरच्या कडेनं एक मज्जातंतू जातो आणि तो या दोन बोटांना संवेदना देतो. अंगाचा भार त्या कडेवर टेकून राहिला की तो दबतो.

आमच्या पेठेतल्या जुन्या सायकलवाल्या काकांनी त्यावर काय केलं, ते आजही डोळ्यांसमोर आहे. त्यांनी मला सायकलवर बसवलं आणि दोन्ही पायडलं जमिनीला समांतर धरायला लावली. खिशातून सुती दोरा काढला, त्याच्या टोकाला एक गंजका नट बांधला. गवंडी भिंतीला ओळंबा लावतात ना, तसा तो दोरा माझ्या पुढच्या गुडघ्यापाशी धरला. नट हलत हलत थांबला तो पायडलच्या आसाच्या दोन बोटं मागे. काका काही बोलले नाहीत. सीटखालचा बोल्ट सैल करून त्यांनी सीट रुळावर पुढे सरकवली, परत दोरा धरला आणि या वेळी नट आसावर आला. मग हँडलचा स्टेम, म्हणजे हँडल सायकलला जोडणारा तुकडा, काढून दोन सेंटिमीटर आखूड बसवला आणि म्हणाले, "जा, कात्रजपर्यंत जाऊन या." त्या दिवशी बोटांत मुंग्या आल्या नाहीत. ओळंब्याचा हा नियम काही अक्षरशः पाळायचा कायदा नव्हे, पण सुरुवात करायला फार चांगला आहे. आणि फ्रेमच मोठी असली तर ही मलमपट्टी कुठपर्यंत पुरते, हेही मला पुढे कळलं. दोन वर्षांनी मी ती सायकल बदलली. म्हणून नवीन घेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की रंग नंतर बघा, आधी फ्रेम अंगाला होते का ते बघा.

बसायच्या त्रासाबद्दल बोलायला लोक संकोचतात, विशेषतः बायका. मी स्पष्टच बोलते. आपण बसतो ते दोन हाडांवर. भार त्या हाडांवर पडला तर शरीर सहन करतं, मधल्या नाजूक भागावर पडला तर दुखतं आणि बधिर होतं. म्हणून सीट त्या दोन हाडांच्या अंतराइतकी रुंद हवी. बायकांमध्ये हे अंतर बहुधा थोडं जास्त असतं, त्यामुळे पुरुषांच्या मापाची अरुंद सीट अनेकींना छळते. त्यावर उपाय म्हणून सगळे काय करतात, तर जेलचं मऊ कव्हर घालतात. पहिले पाच किलोमीटर बरं वाटतं. मग हाडं त्या मऊपणात रुततात, कव्हर मधल्या भागात वर येतं आणि नेमक्या नको त्या जागी दाब वाढतो. बऱ्यापैकी टणक, योग्य रुंदीची सीट आणि गादी शिवलेली सायकलची पँट, हेच लांबच्या पल्ल्याला टिकतं. त्या पँटच्या आत दुसरं काही घालायचं नसतं. शिवण घासून जखमा होतात.

टायरमधली हवा हीसुद्धा आरामाचीच गोष्ट. टायरच्या कडेवर लिहिलेला सगळ्यात मोठा आकडा ही मर्यादा असते, तेवढी हवा भरायलाच हवी असं नाही. साठ-पासष्ट किलोच्या माणसाला २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये ७० पीएसआयच्या (हे हवेच्या दाबाचं माप) आसपास हवा पुरते. दगडासारखं टणक टायर आपल्या रस्त्यांवर प्रत्येक खड्डा आणि घाटाआधीचे ते पांढरे पट्टे थेट मनगटात पोचवतं.

आता घाट.

सपाटीवर आपला विरोधक म्हणजे हवा. वेग दुप्पट झाला की तिचा विरोध चौपट होतो, म्हणून मंडळी एकामागे एक लपून चालवतात. घाटात हे सगळं संपतं. ताशी आठ-दहा किलोमीटरच्या वेगाला हवा फारशी अडवत नाही, सगळी लढाई वजनाशी. कुणाच्या मागं लपून उपयोग नाही. म्हणूनच मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सगळ्यांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणून वेगळा मान मिळत आला, आणि तो मला नेहमीच पटलाय.

दिवे घाटात माउलींच्या पालखीचा रथ चढताना तुम्ही पाहिला असेल. तिथं रथाला जादा बैलजोड्या जोडतात. सायकलला जादा बैल जोडता येत नाहीत. आपल्याकडे पाय दोनच. म्हणून एका फेरीतलं काम कमी करायचं आणि फेऱ्या वाढवायच्या. गिअर म्हणजे एवढंच. पुढे ३४ दात्यांचं चक्र आणि मागे २८ दात्यांचं असेल, तर पायडलच्या एका फेरीत सायकल साधारण अडीच मीटर पुढे जाते. मागचं चक्रही ३४ चं घेतलं तर दोन मीटरच्या थोडं वर. अर्ध्या मीटरहून कमीच फरक. पण ताशी आठ किलोमीटरनं चढताना पहिल्यात पाय मिनिटाला बावन्न वेळा फिरतात, दुसऱ्यात साठच्या वर. बावन्नमध्ये दर फेरीला मांडी पिळवटते, साठमध्ये लय सापडते. काही सायकलींवर मागे सगळ्यात मोठं २८ चंच चक्र असतं. मेकॅनिकला सांगून मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चक्रांचा संच, ३२ किंवा ३४ पर्यंतची बसवून घ्या. कधी कधी त्यासाठी मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, तोही बदलावा लागतो, ते आधी विचारून घ्या. मोठ्या चक्राला 'आजीचा गिअर' म्हणून हसणारे भेटतील. आठ टक्क्यांच्या चढावर, म्हणजे शंभर मीटरला आठ मीटर वर जाणाऱ्या रस्त्यावर, चाळिशीपुढच्या गुडघ्यांना तोच गिअर वाचवतो.

दुसरी चूक वेगाची. माझा पहिला सिंहगड मी डोणज्यापासून जोरात सुरू केला, कारण पायथ्याला पाय ताजे होते आणि बाकीचे पुढे जात होते. घाट सुमारे नऊ किलोमीटरचा, वर चढायचं साडेपाचशे-सहाशे मीटर. तिसऱ्या किलोमीटरला धाप आवरेना. मी उतरले आणि कठड्यावर बसले. एक वयस्कर गृहस्थ अगदी सावकाश चढत आले. तोंड मिटलेलं, श्वास नाकानं. माझ्याकडे बघून म्हणाले, "बोलता येईल इतक्याच वेगानं चढ. बोलता येईना झालं की एक गिअर हलका कर." आणि न थांबता पुढे गेले. त्यांच्या पायडलचा ठेका वळणापलीकडे गेला तरी ऐकू येत होता. आजवर मला मिळालेला घाटाचा सगळ्यात उपयोगी सल्ला तोच.

त्याला माझी थोडी भर. गिअर चढ सुरू व्हायच्या आधी बदला, जोर लावलेला असताना बदललात तर चेन करकरते आणि पडतेही. वळणावर आतल्या कडेचा चढ नेहमी जास्त उभा असतो, मागं-पुढं वाहन नसेल तर जरा बाहेरून घ्या. खांदे सैल सोडा, हँडल आवळून धरलं म्हणून सायकल वर जात नाही. मधून मधून उभं राहून दहा-पंधरा फेऱ्या मारा, बैठकीला विसावा मिळतो. आणि थांबावंसं वाटलं तर थांबा. वारीत चालणारेही विसाव्याला थांबतात, त्यानं वारी मोडत नाही.

मराठीत 'कात्रजचा घाट दाखवणं' म्हणजे फसवणं. सायकलवर मात्र कात्रजचा जुना घाट फार प्रामाणिक आहे, चढ बराचसा एकसारखा, श्वासाला शिस्त लावणारा. सिंहगडाच्या आधी तिथं सराव करावा. बोगद्यात मात्र पुढचा-मागचा दिवा हवाच, दिवसासुद्धा.

खाणं लोक विसरतात. तासाहून जास्त जाणार असाल तर भूक लागायची वाट पाहू नका. दर अर्ध्या-पाऊण तासाला अर्धं केळं, राजगिऱ्याचा लाडू, गूळ-शेंगदाण्याची वडी. उन्हाळ्यात तासाला अर्धा-पाऊण लिटर पाणी, एका बाटलीत चिमूटभर मीठ आणि लिंबू. घाटाच्या मध्यावर अचानक हातपाय गळतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, ती बऱ्याचदा उपाशीपोटी निघाल्यामुळे येते.

उताराबद्दल थोडक्यात, पण गंभीरपणे. ब्रेक सतत आवळून उतरू नका, रिम तापते आणि हातही दमतात. वळणाआधी दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाबून वेग कमी करा आणि वळणात सोडा. नजर चाकापुढे नको, वळण जिथं संपतं तिथं हवी. पावसाळ्यात रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे, सांडलेलं डिझेल आणि कुजलेली पानं यांवर ना ब्रेक दाबायचा, ना सायकल झुकवायची.

मला वेगाचं वेड कधीच नव्हतं, तरी मी दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, पूर्ण केली. तिला साडेतेरा तासांची मुदत असते. सरासरी काढा, ताशी पंधरालाही थोडी कमी पडते. तेवढ्या वेगानं चालवू शकणारे लोक गल्लोगल्ली आहेत. मधे सोडून देणाऱ्यांचे पाय थांबायच्या आधी बहुधा मान, तळहात किंवा बैठक थांबलेली असते.

गेल्या रविवारी ताई माझ्याबरोबर सिंहगडाला आल्या. सीट नवी नाही, फक्त उंची नवी आणि मागे ३४ चं चक्र. चौथ्या किलोमीटरला थांबल्या, लाडू खाल्ला, खाली खडकवासल्याचं पाणी दिसत होतं ते बघत पाच मिनिटं उभ्या राहिल्या. मी विचारलं, "गुडघा?" त्यांनी गुडघ्यावर हात ठेवून पाहिला, मान हलवली आणि पायडलवर पाय ठेवला. वर पोचायला आम्हाला एक तास चाळीस मिनिटं लागली. मडक्यातलं दही खाता खाता त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "पुढच्या रविवारी किती वाजता निघायचं?"

नमस्कार.