ऑफिस गाठायच्या आधीचं कॉलेज: मुंबईच्या सिद्धार्थची गोष्ट

नमस्कार मंडळी!

कम्युनिटी कॉलेज हे नाव तुम्ही अलीकडे ऐकलं असेल. म्हणजे आसपासच्या लोकांना परवडेल आणि जमेल असं शिक्षण देणारं स्थानिक कॉलेज. २०१३ मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, या नावाची योजना आणली. अमेरिकेत ही कल्पना बरीच जुनी. शिकागोजवळच्या जोलिएट गावात १९०१ मध्ये अवघ्या सहा विद्यार्थ्यांना घेऊन असं एक कॉलेज सुरू झालं. पुढे डिसेंबर १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने सांगितलं की अशी कॉलेजं लोकांच्या घराजवळ हवीत आणि तिथली पहिली दोन वर्षं फी नको.

आता मुंबईतली एक तारीख सांगतो. २० जून १९४६. म्हणजे तो अहवाल यायच्या दीड वर्ष आधी. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं. त्याला कम्युनिटी कॉलेज कुणी म्हटलं नाही, पण ज्यांच्यापर्यंत कॉलेज पोचलंच नव्हतं त्यांच्यापर्यंत ते नेण्याचं काम या कॉलेजने केलं. आज त्याच्याबद्दल बोलायचंय, आणि मुख्यतः त्याच्या वेळापत्रकाबद्दल.

हो, वेळापत्रकाबद्दल. कारण माझ्या मते खरी कल्पकता तिथेच आहे.

त्या वेळच्या मुंबईत गरीब घरातला मुलगा मॅट्रिक झाला की घरचे नोकरीला लावायचे. रेल्वे, पोस्ट, गोदी, महापालिका, गिरणीचं ऑफिस, जिथे मिळेल तिथे. पगार घरात हवाच असायचा. कॉलेज भरायचं दिवसा आणि ऑफिसही दिवसा. म्हणजे फी माफ केली, स्कॉलरशिप दिली, तरी प्रश्न सुटत नव्हता. शिकायचं तर नोकरी सोडा, नोकरी करायची तर शिक्षण सोडा. हुशारी असूनही कितीतरी जणांचं शिक्षण मॅट्रिकपाशी थांबलं ते यामुळे.

सिद्धार्थने वर्ग सकाळी ठेवले. लेक्चर आटपून ऑफिसात वेळेवर हजर होता येईल, असे. पुढे कॉलेज फोर्टमध्ये आलं, आनंद भवन आणि बुद्ध भवन या इमारतींमध्ये. नकाशा डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला सीएसएमटी, तेव्हाचं बोरीबंदर. दुसरीकडे चर्चगेट. जीपीओ म्हणजे मुख्य पोस्ट ऑफिस, महापालिका, रेल्वेची मुख्य ऑफिसं, बँका, हायकोर्ट, सगळं चालत जाण्यासारखं. परळहून, कुर्ल्याहून, वांद्र्याहून पहाटेची लोकल पकडायची, तास करायचे आणि तिथूनच पायी कामावर जायचं. कॉलेजची जागा आणि कॉलेजची वेळ, दोन्ही नोकरदाराच्या सोयीची.

बाबासाहेबांना हे कळणारच होतं. परळच्या चाळीतल्या एका खोलीत ते वाढले. तिथेच स्वयंपाक, तिथेच सगळ्यांची झोप. अभ्यासाला जागा आणि शांतता मिळावी म्हणून वडील, सुभेदार रामजी, त्यांना रात्री दोन वाजता उठवायचे. बाकीचं घर झोपलेलं असताना हा मुलगा दिव्याच्या उजेडात वाचायचा. १९०७ मध्ये मॅट्रिक, १९१२ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. मधल्या काळात बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून ते निभावलं. पुढे ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य होते. म्हणजे कॉलेजच्या दाराबाहेर उभं राहणं काय असतं हे त्यांनी पाहिलं होतं, आणि कॉलेज आतून कसं चालतं हेही.

१९४५ च्या जुलैमध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. पुढच्या वर्षी सिद्धार्थ. आणि इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण ती चुकीची सांगितली जाते. हे फक्त एका समाजासाठीचं कॉलेज नव्हतं. प्रवेश सर्व जातीधर्मांच्या मुलामुलींना होता. पहिले प्राचार्य होते अ. बा. गजेंद्रगडकर, संस्कृतचे नामांकित विद्वान. शिकवणारा कुठल्या जातीचा हा प्रश्नच नव्हता, तो उत्तम हवा एवढाच आग्रह. गरिबांसाठी म्हणून काढलेलं कॉलेज दुय्यम असून चालणार नाही, हे त्यामागचं तत्त्व मला फार मोलाचं वाटतं.

ग्रंथालय बघा. बाबासाहेबांचं पुस्तकांवरचं प्रेम सगळ्यांना माहीत आहे, दादरचं राजगृह त्यांनी पुस्तकांना जागा हवी म्हणून बांधलं. सिद्धार्थच्या ग्रंथालयातही त्यांनी व्यक्तिशः लक्ष घातलं, आणि त्यांच्या स्वतःच्या संग्रहातली पुस्तकं तिथे आली. ग्रंथपाल एस. एस. रेगे यांचं नाव बाबासाहेबांच्या आठवणींमध्ये वारंवार येतं. ज्या मुलाच्या घरी एक कपाट ठेवायला जागा नाही, त्याच्यासाठी असं ग्रंथालय म्हणजे काय, याचा विचार करा.

कॉलेजात विद्यार्थ्यांची पार्लमेंटही भरायची. १९५० मध्ये हिंदू कोड बिलावर, म्हणजे हिंदूंच्या लग्न-वारसाहक्काचे कायदे बदलू पाहणाऱ्या विधेयकावर, देशभर वादळ उठलेलं असताना, देशाचे कायदेमंत्री असलेले बाबासाहेब या पार्लमेंटपुढे त्या विषयावर बोलले. सकाळी कॉलेज करून दिवसभर फायली उपसणाऱ्या कारकुनाला देशातला सर्वांत तापलेला कायदा खुद्द कायदेमंत्र्यांच्या तोंडून ऐकायला मिळत होता!

मग संस्था वाढत गेली. मुंबईत रात्रशाळा निघाली. १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद कॉलेज, म्हणजे मराठवाड्यातल्या मुलांची सोय तिकडेच झाली. १९५३ मध्ये सिद्धार्थचं कॉमर्स कॉलेज, १९५६ मध्ये लॉ कॉलेज. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बाबासाहेब गेले. त्यांचा ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ हा ग्रंथ पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला, आणि तो काढला सिद्धार्थ कॉलेजच्या प्रकाशनाने.

वडाळ्याचं सिद्धार्थ विहार हे वसतिगृह तर चळवळीचं घरच झालं. १९७२ मध्ये दलित पँथर ही दलित तरुणांची लढाऊ संघटना उभी राहिली, तेव्हा तिच्या किती बैठका, किती वाद, किती कविता त्या खोल्यांमधून घडल्या! मुलाला राहायला खोली, वाचायला पुस्तक आणि बरोबरीने वाद घालायला चार मित्र मिळाले की काय होतं, ते महाराष्ट्राने तिथे पाहिलं.

आता आजच्या कम्युनिटी कॉलेजांकडे येतो. यूजीसीच्या योजनेत भर आहे तो कौशल्यावर, सर्टिफिकेट आणि डिप्लोमा कोर्सेसवर. ते हवंच, हाताला काम मिळतं. पण काम करणाऱ्या माणसाला फक्त कामापुरतंच शिकवावं, हे मला पटत नाही. सिद्धार्थने त्याच कारकुनाला अर्थशास्त्र शिकवलं, इतिहास, विज्ञान शिकवलं, पुढे कायदा शिकवला. बदलली ती वेळ. अभ्यासक्रम विद्यापीठाचा, पदवी विद्यापीठाची.

आजच्या मुंबईत डिलिव्हरी करणारा मुलगा आहे, मॉलमध्ये बारा तास उभी राहणारी मुलगी आहे, नाइट शिफ्ट करून पहाटे घरी येणारे आहेत. दूरशिक्षण आहे, मुक्त विद्यापीठ आहे, मोबाइलवर लेक्चरं आहेत. पण समोर शिक्षक, शेजारी मित्र आणि बसायला ग्रंथालय, हे त्यांच्या वेळेत कुठे मिळतं? तुमच्या जवळच्या कॉलेजात जाऊन एवढंच विचारा: पहिलं लेक्चर किती वाजता, आणि ग्रंथालय रात्री कितीपर्यंत उघडं? तुम्ही तिथले प्राध्यापक किंवा संस्थाचालक असाल, तर हे दोन प्रश्न पुढच्या सभेत मांडा. वर्ग सकाळी साडेसहाला भरवायचे की रात्री आठला, हे त्या वस्तीतली माणसं कामावरून कधी सुटतात ते बघून ठरवा.