तेलाला परतीची वाट

[दृश्य: खोललेलं इंजिन, खालून]
हे फोर्ड मॉडेल टीचं इंजिन. ही गाडी 1908 पासून 1927 पर्यंत बनत होती. यात ऑइल पंप नाही. तळाच्या चेंबरमधलं तेल फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, उडवतं आणि पिस्टनला जोडलेल्या कनेक्टिंग रॉडची टोकं पन्हळीत बुडून ते वर शिंपडतात. किती उडालं याचा हिशेब कोणी ठेवत नाही. डिपस्टिकही नाही, खाली दोन तोट्या आहेत, त्या उघडून पातळी बघायची.

[दृश्य: पिस्टन, जवळून]
पावणेचार इंच व्यासाचा पिस्टन, त्यावर बिडाच्या तीन रिंगा. रिंग एका जागी कापलेली असते आणि मोकळी असताना बोअरपेक्षा, म्हणजे पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो तिच्यापेक्षा, मोठी असते. दाबून बसवली की स्वतःच्या ताणाने भिंतीला टेकते. ही कल्पना जॉन रॅम्सबॉटम या इंग्रज रेल्वे इंजिनिअरची, 1850 च्या दशकातली. पण तेव्हा अडवायची होती वाफ.

मोटारीत दोन आघाड्या झाल्या: वरून गॅस, खालून तेल. पिस्टन सक्शनला, म्हणजे हवा-इंधन आत ओढायला, खाली येतो तेव्हा वर पोकळी होते, तेल तिकडे ओढलं जातं. त्यात रिंग खाचेत किंचित वरखाली हलते. तिच्यामागे तेल शिरतं आणि पिस्टनने दिशा बदलली की वर ढकललं जातं. म्हणजे अडवायला बसवलेली रिंगच पंपाचं काम करते! ताण वाढवावा, तर बोअर घासतो.

[दृश्य: फटी असलेली रिंग, बोटांत फिरवताना]
खरी उकल इथे आहे. या रिंगेला आरपार फटी आहेत, तिच्या खाचेत भोकं. भिंतीवरून खरवडलेलं तेल फटीतून पिस्टनच्या आत जातं आणि तिथून चेंबरमध्ये पडतं. नुसतं अडवून भागत नव्हतं, तेलाला परत जायला वाट हवी होती. इतकी साधी, इतकी देखणी युक्ती क्वचितच दिसते.

अमेरिकेत इंडियानातल्या हॅगर्स्टाउनमध्ये टीटर कुटुंबाची कंपनी 'परफेक्ट सर्कल' नावाने अशा रिंगा बनवायची. त्या घरातले राल्फ टीटर लहानपणीच दृष्टी गमावलेले. तरी 1912 साली मेकॅनिकल इंजिनिअर झाले आणि पुढे या कंपनीचे अध्यक्षही.

[दृश्य: काळा प्लग, निळा धूर]
तेल वर गेलं की स्पार्क प्लग काळे पडायचे, कार्बन साचायचा, हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवून तो खरवडावा लागायचा.

[दृश्य: फिलर गेज, फट मोजायच्या पातळ पट्ट्या]
रिंग एकटीच बोअरमध्ये उतरवून, पिस्टनने सरळ ढकलून, तोंडाची गॅप मोजतात. गॅप कमी राहिली, तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग तुटते. म्हणून कानस दोन-तीनदाच फिरवायची आणि पुन्हा मोजायचं.